चादरमामांचा डावा डोळा

धूसर फोटो दिसला की चादरमामा तोंड असं करत, जणू कुणी त्यांच्या पायावर पानाची पिंक टाकलीय. "घाण आलाय. परत," एवढंच म्हणत.

सात रस्ता चौकाजवळचा त्यांचा फोटो स्टुडिओ मोबाइल आल्यावर बंद पडला आणि ते आमच्या संस्थेच्या डोळे तपासणी शिबिरांत आले. मधुमेह असलेल्यांच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो ते काढायचे, मी लॅपटॉपवर चढवायचो. असे हजारो फोटो पाहून शिकलेला संगणक मग सांगायचा, पुढे कुणाची नजर जाण्याचा धोका आहे, कुणाची किडनी बिघडण्याचा.

डोळ्यातली बाहुली मोठी व्हावी म्हणून मामा प्रत्येकाला दहा मिनिटं डोक्यावरून चादर घेऊन बसवत. म्हातारी माणसं आत चक्क घोरत. नाव तिथूनच पडलं. मला त्या दहा मिनिटांचा भयंकर वैताग यायचा. आयोजकांना जेवणाआधी रांग संपलेली हवी असे, आणि त्यांची हांजी हांजी करण्यात मी पटाईत होतो.

धूसर फोटो संगणक नाकारायचा, म्हणजे पुन्हा चादर, पुन्हा दहा मिनिटं. मग मामांची पाठ वळली की मी उजव्या डोळ्याचा चांगला फोटो आरशातल्यासारखा उलटा करून डाव्याच्या जागी लावायचो. संगणक मुकाट्याने घ्यायचा. आज लिहितानाही स्वतःची शिसारी येते. तेव्हा ती मला हुशारी वाटायची.

वळसंगच्या शिबिरात मामा स्वतःच खुर्चीत बसले. साखर त्यांनाही होती. फोटो मी काढला, डावा धूसर आला आणि मी नेहमीचंच केलं. 'धोका कमी' असा कागद निघाला. मामी डॉक्टरांकडे चला म्हणून मागे लागल्या, तर मामा म्हणाले, "मशीननं बगितलंय की. फोटो चांगला असंल तर ते खोटं बोलत न्हाय."

सहा महिन्यांनी डाव्या डोळ्यात रक्त उतरलं, नजर गेली. वेळेवर कळलं असतं तर वाचवता आली असती, असं डॉक्टर म्हणाले.

मामा आमच्या ऑफिसात आले आणि आपला फोटो उघडायला लावला. वाकून, उरलेल्या डोळ्याने एकेक शीर पाहिली. जन्मभर निगेटिव्ह पाहिलेला माणूस, त्याला किती वेळ लागणार?

"ह्यो उजवाच हाय. उलटा केलायस."

मी मान खाली घातली. कानाखाली बसेल असं वाटलं. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला.

"आनि कुनाकुनाचं केलंस? नावं लिही."

मला एकही नाव आठवेना; हजारो फोटोंत कुठले उलटे केले, याची खूणही मी ठेवली नव्हती. मामा कागद तिथंच ठेवून निघून गेले. पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. ती माणसं अजून कुठंतरी 'धोका कमी'चा कागद जपून, निर्धास्त बसली आहेत.