छातीतला पाहुणा

एलियास कासुकर गेले तेव्हा ठाण्याहून आलेल्या नातलगांनी महिपतीला विचारलं, "तुम्ही तर रोजचे सोबती. कसे होते हो आमचे काका?" महिपती काय सांगणार? रोह्याच्या कंपनीत एलियासभाऊ नेमकं काय काम करायचे ते त्याला ठाऊक नव्हतं. शनिवारी ते हिब्रूत काय म्हणतात, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. मुलगी इस्रायलला होती एवढं माहीत, कुठल्या शहरात ते नाही. त्याला माहीत होती ती त्यांची चाल. कुठं थांबतात आणि थांबायला कारण काय देतात, एवढंच. एवढ्यावर माणूस सांगता येतो की नाही, हे त्याला अजून कळलेलं नाही. तरी जे आहे ते हे असं आहे.

कासू स्टेशनवरून आत चालत आलं की त्यांचं गाव. तिथली यहुद्यांची इस्रायल आळी आता नावालाच उरली आहे. कौलारू प्रार्थनालय आणि दोन घरं, त्यातल्या एकाला कुलूप. दुसऱ्यात एलियासभाऊ आणि साराबाई. महिपतीची भाताची खाचरं त्यांच्या परसाला लागून.

एलियासभाऊंच्या छातीत पहिल्यांदा गडबड झाली तेव्हा त्यांना वाटलं, पित्त असेल. जिताडा मासा टोपलीत टाकल्यावर तडफडतो तसं आत काहीतरी तडफडायचं, थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. रोह्याच्या डॉक्टर सुरभी यांनी छातीला तारा लावून ठोक्यांची पट्टी काढली आणि सांगितलं, हृदयाचे ठोके बेताल पडतायत. पनवेलला नेऊन विजेचा झटका देऊन ते एकदा सरळ केले. महिनाभर ठीक चाललं, मग पुन्हा तेच. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता हे असंच राहणार. वेग ताब्यात ठेवायची एक गोळी आणि रक्ताची गाठ होऊ नये म्हणून एक. दोन्ही चुकवायच्या नाहीत."

"म्हणजे पाहुणा मुक्कामाला आला," एलियासभाऊ म्हणाले. "बरं. त्याच्या वेळा सांभाळू."

तेव्हापासून त्या दुखण्याचं नाव पाहुणा.

पाहुण्यानं घरातल्या पुष्कळ गोष्टी बदलल्या. रक्त पातळ करायच्या गोळीमुळे जरा खरचटलं तरी रक्त लवकर थांबेना, तेव्हा साराबाईंनी वस्तरा आणि विळा दोन्ही उचलून माळ्यावर टाकले. दाराची कडी लागली तरी दंडावर जांभळा डाग उठे. शेजारच्या बायका कसकसल्या औषधी साली आणून देत. साराबाई त्या हसून घेत आणि कपाटावर ठेवत. "आधी डॉक्टरीणबाईंना विचारते गो," म्हणत.

आणि सकाळचं चालणं. दम लागेल इतकं नको, पण रोज चाला, असं सांगितलं होतं. महिपती सोबत जाऊ लागला. एलियासभाऊ रस्त्याखालच्या मोरीपाशी थांबत. "महिपती, बगळे बघ किती उतरलेत." बगळा एखादाच असे. पुढे बांधावर थांबत. "तुझ्या भाताला यंदा फुटवे बरे हायेत हां." हे ते गेल्या आठवड्यातही म्हणालेले असत. पुढे पुढे महिपतीच एलियासभाऊंच्या आधी थांबू लागला. कधी चपलेचा अंगठा बघायला, कधी उगाच गवताची काडी उपटायला. एलियासभाऊ शेजारी उभे राहून श्वास घेत आणि म्हणत, "काय रे, म्हातारा झालास."

"व्हय," महिपती म्हणे.

गेल्या वर्षी भाद्रपद सरत आला तसे एलियासभाऊ बोटांवर दिवस मोजू लागले. आपलं नवरात्र बसतं त्याच सुमाराला त्यांचा नव्याचा सण, म्हणजे वर्षाचा पहिला दिवस येतो. त्या दिवशी प्रार्थनालयात मेंढ्याचं शिंग फुंकतात. ते फुंकल्याशिवाय सण झाला असं होत नाही. गावात ते एलियासभाऊच फुंकत, त्यांच्या आधी त्यांचे वडील. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते आदल्या संध्याकाळी ठाणे-पनवेलहून येत. त्यांच्यातल्या एलियाह नावाच्या एकानं एकदा शिंग तोंडाला लावून पाहिलं होतं, तेव्हा गोठ्यातली म्हैस वळून बघायला लागली. यंदा शिंग नसेल तर पुढच्या वर्षी मंडळी ठाण्यातच सण करणार, हे एलियासभाऊंना माहीत होतं. मग इथल्या दाराला कुलूपच.

आणि शिंग जागेवर नव्हतं.

"सारा, शिंग कुठं हाय?"

"तांदळाच्या पिंपात. आणि तिथंच राहील."

"अगो, सण दहा दिवसांवर आला!"

"जिना चढलात की तुम्ही भिंतीला धरता. ते फुंकून तिथंच आडवे झालात तर मी काय करू? दहा माणसं हाका मारत बसतील."

महिपती तेव्हा परसात उभा होता. त्यानं निघून जावं म्हणून पाऊल उचललं, पण एलियासभाऊंनी हाक मारली. "महिपती, तू सांग हिला."

दोघं त्याच्याकडे बघत होते. शेवटी तो कसाबसा म्हणाला, "डॉक्टरीणबाईंना... दाखवावं."

"काय दाखवावं?"

"शिंग."

साराबाईंनी पिंपाचं झाकण काढलं. "त्या नाय म्हणाल्या तर मग शब्द काढायचा नाय," म्हणाल्या आणि शिंगावरचे तांदूळ झटकले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टर सुरभींनी पिशवीतून निघालेलं शिंग उलटंसुलटं करून पाहिलं. "हे फुंकायला किती जोर लागतो?"

"सांगून कळायचं नाय," एलियासभाऊ म्हणाले.

"मग फुंका."

"इथं?"

"मी इथं आहे तोवर फुंका. तिकडे मी नसेन." त्यांनी आधी छातीला नळी लावून ठोके मोजले, दंडाला पट्टा बांधला आणि मान हलवली.

एलियासभाऊ खुर्चीत ताठ बसले. शिंगातून जो आवाज निघाला त्यानं खिडकीची काच थरथरली. बाहेरची गलबल एकदम बंद झाली. कोलाडहून आलेली एक म्हातारी, गोदूबाई, दार ढकलून आत डोकावली, तिनं आधी हात जोडले आणि मग विचारलं, "कंची आरती हाय गो?"

"आरती नाही आजी, तपासणी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुन्हा नळी लावली, बराच वेळ ऐकलं, थोडं थांबून आणखी एकदा ऐकलं. महिपती भिंतीला टेकून त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"बेताल होते तसेच आहेत. जोर लावल्यावर वाढले, पण खालीही आले. फुंका. पण बसून. प्रत्येक खेपेला हात वर करून पुरता श्वास घ्यायचा, लोकांना थांबू दे. डोळ्यांपुढे अंधारी आली की शिंग खाली. देव रागावणार नाही."

"देवाचं मी बघतो," एलियासभाऊ म्हणाले, "तुम्ही फक्त साराला फोन लावा."

सणाच्या दिवशी महिपती प्रार्थनालयाच्या ओटीवर चपलांपाशी उभा राहिला. आतले बाक बुटके पडतील म्हणून त्यानं घरची प्लास्टिकची खुर्ची आणून दिली होती. आत शिंग वाजलं. आधी लांब, मग तुटक, मग थरथरतं. मध्ये शांतता. एलियासभाऊंचा हात वर असणार, हे त्याला न बघता कळलं. एलियाह मुद्दाम सावकाश वाचत होता. पुन्हा शिंग, पुन्हा शांतता. बांधावर थांबतात तसंच सगळं प्रार्थनालय त्यांच्यासोबत थांबत होतं.

शेवटचा सूर सगळ्यात लांब. तो सुरू झाला, चढला आणि मध्येच तुटला.

आतून कुणाचं खाकरणंही ऐकू येईना. महिपतीचा एक पाय उंबरठ्यावर गेला. मग आवाज आला, तुटला होता तिथूनच उचललेला. फार लांब नव्हता, पण भरलेला होता. तो संपतो न संपतो तोच साराबाईंचा आवाज आला, "पुरे आता!" आणि सगळे हसले. हसण्यात एलियासभाऊंचं हसणं मोठं होतं. महिपती ओटीवर खाली बसला.

गव्हाच्या चिकाचा हलवा खाताना ठाणेकर म्हणाले, "काका, पुढच्या वर्षी येतो."

पुढच्या वर्षीचं शिंग एलियाहनं फुंकलं. त्याआधीच, माघ सरता सरता एलियासभाऊ एका रात्री झोपेतच गेले. पाहुण्यानं नेलं की वयानं, ते डॉक्टरीणबाईंनाही नक्की सांगता आलं नाही. सणानंतरच्या त्या महिन्यांत ते फार मजेत होते, एवढं महिपतीला सांगता येईल. आदल्या संध्याकाळी तो वालाच्या शेंगा खुडत होता. एलियासभाऊ बांधावर येऊन उभे राहिले.

"महिपती, पुढच्या सणाला बिनहातांची खुर्ची बघ रे. त्या हातांवर माझं कोपर आपटतं."

"बघतो," महिपती म्हणाला.