चौथा चौकोन

समजा, तुम्हाला कागदाचं फूल करायचंय. ऑफिसच्या रद्दीतलं एक पान घ्या, त्याचे चार चौकोन कापा. तीन चौकोनांच्या पाकळ्या कातरा, कडा पेन्सिलीवर वळवा. चौथा खळ लावून घट्ट गुंडाळा आणि मधोमध बसवा. आता हेच चार वर्षांच्या तीस मुलांकडून करून घ्या. त्यातलं कुणी खळ चाटतं, कुणी शेजारणीची वेणी चिकटवतं.

बालवर्गाच्या मदतनीस ताई हे नऊ वर्षं करत होत्या, तात्पुरत्या म्हणून. कायम करावं असा अर्ज त्यांनी मोठ्या बाईंकडे दिला होता, हातानं लिहून, दोन प्रतींत. एक प्रत वर जायची, दुसरी शेरा मारून ऑफिसात राहायची. तीन महिने बाई म्हणत होत्या, वर पाठवलाय, धीर धरा.

त्या दिवशी पाहुणे येणार होते. शिपायानं कापून आणलेले चौकोन ताईंनी न बघताच वाटले. ठमीची पाकळी वळवायला घेतली, तर तिच्यावर त्यांचंच अक्षर. दुसरीवर सही. शेरा बाई नेहमी खाली डावीकडे लिहीत. तो चौकोन आत गुंडाळलेला होता.

ताईंनी फूल मागितलं. दुसरं करून देते म्हणाल्या. ठमीनं ते छातीशी धरलं.

"माझंय. मी पाहुण्यांना देणारे."

ताईंनी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि फूल फाडलं. आत खळीत फुटलेली शाई. दोन शब्द होते, इतकंच कळत होतं.

ठमीच्या रडण्यानं मोठ्या बाई आल्या. ताईंनी तो ओला कागद पुढे केला. बाईंनी चिमटीत धरून तो टोपलीत टाकला.

"लेकराच्या हातातलं फूल फाडता, आणि कायम व्हायचंय? उद्यापासून येऊ नका. अकरा फुलं राहिलीत, तेवढी करून जा."

ताईंनी ती केली. बारावं ठमीसाठी केलं. तिनं ते घेतलं नाही.

आता त्या धाकट्या बहिणीच्या दुकानात रद्दीच्या पुड्या बांधतात. बांधण्याआधी प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी बघतात, गिऱ्हाईक खोळंबतं. तायडे, सोड ना आता, असं बहीण रोज म्हणते. त्यावर त्या रोज तेच विचारतात:

"ती ऑफिसातली प्रत असेल, आणि ते दोन शब्द 'वर पाठवला' असेच असतील, तर?"