भाजलं म्हणजे साखर नाय

माझ्या ओमकारला बघून कोणी म्हणेल का, याला कसली चाचणी लागेल? बावीस वर्षांचं पोर. पोलीसभरतीसाठी रोज धसईच्या रस्त्यावर पळतं, सकाळी सिद्धगड चढून दुपारी जेवायला घरी. पण खाण तशी माती म्हणतात, आणि आमची खाण साखरेची. सासऱ्यांना होती. ओमकारच्या बापाला चाळिशीत धरली.

त्यांचे पाय बधिर झालेले आमाला कळलंच नाय. भाताच्या रोपासाठी राब भाजत होते, पालापाचोळा पेटवलेला, आणि हा बाबा निखाऱ्यावर उभा! वास आला तशी मी किंचाळले. हे म्हणतात, "काय झालं गो?" पाय कापला. दोन वर्षांनी माणूसही गेला. तेव्हा रडले ते रडले, मग डोळे कोरडेच.

तेव्हापासून आमच्या घरात एक अक्कल निघाली. राब भाजून झाला की ओमकार गरम राखेवर अनवाणी पाय टेकायचा आणि टुणकन उडी मारायचा, "आय गो, भाजलं!" मी हसायची. भाजलं म्हणजे साखर नाय. चार वर्षं आमी असंच तपासलं. पोर कॉलेज शिकलेलं, मी अंगठाबहाद्दर, आणि दोघांची अक्कल एकाच मापाची!

यंदा मुरबाडला डॉक्टर लोक आले. आईला नायतर बापाला साखर, पण स्वतः धडधाकट, अशी पोरं त्यांना तपासायची होती. ओमकार त्यांना म्हणतो, "माझे पाय खणखणीत हायत, बघून घ्या." उपाशीपोटी रक्त काढलं, साखर ब्याण्णव. चांगली. मग ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तास बाकावर बसवलं आणि परत सुई टोचली. एकशे बहात्तर. एकशे चाळीसच्या आत हवी होती.

मी डॉक्टरीणबाईंना राखेचं सांगितलं. त्या हसल्या नाय. म्हणाल्या, "ताराबाई, पाय बधिर व्हायला वर्षं लागतात. आतला बिघाड त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. हा अजून मधुमेह नाही. आत्ता सांभाळलं तर लांब ठेवता येईल. पळणं चालू ठेवा, भात निम्मा करा."

मला रडू यायला हवं होतं. नाय आलं. बसमध्ये ओमकार काहीबाही बोलत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते, बाकी काय आठवत नाय. राग माझा मलाच आलेला, पण तोही धड पेटेना.

घरी आल्यावर ताट वाढलं. कणगी आमच्याच शेतातल्या भाताने भरलेली. सकाळपासूनचं उपाशी पोर, चार घासात त्याने ताट रिकामं केलं आणि पुढे सरकवलं.

"आई, अजून भात वाढ."

त्याच्या जन्मापासून जेवत्या पोराला मी कधी नाय म्हटलेलं नव्हतं.

"नाय," मी म्हटलं, आणि टोपावर झाकण ठेवलं.