पास झालेला वाडगा

चहा संपला की साहेब कप पालथा करून त्याचं बूड बघायचे. मग ठरलेला शेरा, "रिजेक्ट!" यजमानीणबाई हिरमुसायच्या, आम्ही हसायचो. असा एखादा शेजारी तुम्हालाही भेटला असेल.

अंबरनाथच्या कारखान्यात माल तपासण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त होऊन बेलवलीत आमच्या शेजारी राहायला आले, तरी डोळा तोच. उल्हासनगरच्या दुकानात एकेक बशी उलटी करायला लागले, तेव्हा शेठ वैतागला, "साहब, खाना ऊपर रखोगे या नीचे?"

"खोट खालीच सापडते," साहेब म्हणाले आणि काही न घेता बाहेर पडले.

एकुलत्या एका मुलीनं मुसलमान मुलाशी लग्न केलं. दोघं दारात आली, तेव्हा साहेबांनी तोच एक शब्द उच्चारला आणि दार लावून घेतलं. बायको गेल्यावरही त्यांनी मुलीशी अबोला सोडला नाही. मला त्यांचा फार राग यायचा.

गेल्या हिवाळ्यात आम्ही ज्येष्ठ मंडळी मुंबईला एक वस्तुसंग्रहालय बघायला गेलो. इस्लामी कलेच्या दालनापाशी साहेब अडले.

"तुम्ही बघून या. मी बसतो."

मी दंडाला धरून आत नेलं. कुराणाची सोनेरी पानं, चांदीचं जडकाम केलेला हुक्का. साहेब कशाकडेच बघेनात. थांबले ते एका निळ्या इराणी वाडग्यापाशी. तो काचेच्या कपाटात होता, पण बूड दिसावं म्हणून खाली आरसा ठेवला होता. साहेब गुडघे धरून वाकले. वाडगा कधीतरी फुटला होता आणि कुणीतरी धातूचे बारीक टाके घालून तो जोडला होता.

"काय साहेब, रिजेक्ट ना?" मी चिडवलं.

ते वाकलेलेच राहिले. "फुटला, तरी कुणी टाकलं नाही हो याला." मग अगदी हळू म्हणाले, "पास."

परतताना बसमध्ये म्हणाले, "रविवारी पोरीला फोन करतो. जावयाला घेऊन ये म्हणतो. येतील ना?"

"येतील की!"

रविवार उजाडायच्या आत साहेब झोपेतच गेले.

मुलगी नवऱ्यासोबत आली. सगळं आटोपल्यावर मी तिला वाडग्याचं सांगितलं, फोनचंही सांगितलं. ओट्यावर साहेबांचा कप होता. तिनं तो उचलला, पालथा केला आणि बघत राहिली.

"'पास' म्हणाले, काका? नक्की?"

"माझ्यासमोर म्हणाले."

"लहानपणी चित्र काढून दाखवायचे ना, तेव्हा याच शब्दाची वाट बघायचे मी." तिनं कप सरळ केला. "वाडग्याला मिळाला."

मग कप ओढणीत गुंडाळून तिनं पर्समध्ये ठेवला.