पाण्याच्या दिवशी ऐकलेला डॅक

डॉक्टर म्हणाले, "बारीक आवाज आधी जातात. बाकीचे हळूहळू." बाबांनी वाळूजच्या कारखान्यात, पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये तीस वर्षं काढली होती; कानात कापसाचे बोळे घालायचे, तेही साहेब पाहणीला आले तरच. दवाखान्यातून घरी येताना मी रिक्षातच ठरवून टाकलं, कानाला मशीन लागायच्या आत या माणसाला संतूर नीट ऐकवायचं. मी एकदा ठरवलं की घरातले वाद घालत नाहीत. घरात आम्ही दोघंच होतो, ते सोडा.

संतूरवर बाबांचा जीव. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर त्यांनी स्वतः जोडलेले. कॅसेटी झिजल्या म्हणून मी सगळं संगीत कॉम्प्युटरवर घेतलं होतं, पण तिथून वाजवलं की संतूर पत्र्याच्या डब्यात बडवल्यासारखं यायचं. त्यावर उपाय म्हणजे डॅक. कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी वीतभर पेटी.

औरंगपुऱ्यातला दुकानदार आधी म्हणाला, "मॅडम, साहेबांना पाठवा ना." साहेब नाहीत, मीच आहे, असं सांगितल्यावर त्यानं एक पेटी आठ दिवस वापरून बघायला दिली.

ती लागोपाठच्या दुष्काळाची वर्षं होती. शहर चारी बाजूंनी सुटलं होतं, बिडकीनपर्यंत जमिनींचे भाव विचारत लोक फिरत होते, आणि आमच्या नळाला आठवड्यातून एकदा तासभर पाणी. त्या दिवशी मी शाळेत रजा टाकायचे. मोटार लावली की टाकी भरेपर्यंत घर सोडता यायचं नाही. मग बसल्या बसल्या डॅक ऐकायला तोच दिवस सोयीचा, असं मला वाटलं. स्वतःच्या हुशारीवर मी खूशही होते.

पेटी जोडली, संतूर सुरू केलं, आणि मागून घूंऽऽ. वायरी बदलल्या, तरी घूं. शेवटी वैतागून तासाभराच्या आतच पेटी खोक्यात टाकली. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी त्या माणसाला चार लोकांसमोर झापलं.

"आमच्याकडं तर एकदम गप हाय हो," तो कळवळून म्हणाला. "लई भारी पीस हाय. बरं, ही दुसरीबी न्या. दोन्ही ऐका."

पुढच्या पाण्याच्या दिवशी दोन्ही ऐकल्या. दोन्हींत घूं. मी तोंडाला येईल ते बोलत पेट्या खोक्यात भरायला लागले, तेव्हा बाबा खुर्चीतून उठले आणि त्यांनी स्पीकरवर तळवा टेकवला. मशीनवर हात ठेवून तिचं दुखणं ओळखायची त्यांची जुनी सवय. डोळे मिटून थोडा वेळ तसेच उभे राहिले.

"पेटीत काही नाही. ही आपली मोटार," ते म्हणाले. "हॉलच्याच लाइनीवर घेतलीय ना आपण. तीच घुसतीय इथं."

मला दुकानदाराचा चेहरा आठवला आणि कानशिलं तापली. म्हटलं, "थांबा बाबा. अर्ध्या तासात पाणी जाईल, मग ऐकू."

"आत्ता बंद कर."

भाजी धुतलेलं पाणी फेकलं तर दोन दिवस न बोलणारा हा माणूस. टाकी निम्मीसुद्धा भरली नव्हती.

"बंद कर म्हणतो ना!"

मी मोटार बंद केली. घूं गेलं. पहिली पेटी लावली आणि माझ्या अंगावर काटा आला. तार न् तार सुटी ऐकू येत होती. मग दुसरी लावली. ती चांगली होती, पण बारीक तारा जरा दबलेल्या. बाबा दोन्ही वेळा पुढं वाकून, मांडीवर ताल धरून ऐकत होते. मला वाटलं, जमलं. मी वेळेत पोचले.

"कुठली ठेवायची?" मी विचारलं.

"मला दोन्ही सारख्याच वाटल्या गं," बाबा म्हणाले. "तबला येतोय. तारा नाही येत."

इतका आटापिटा केला, आणि मला उशीर झाला होता.

त्यांनीच पहिल्या पेटीची वायर उचलली आणि माझ्या हातात दिली. "ही लावल्यावर तुझा चेहरा बदलला. हीच लाव. आणि तारा कुठं येतात ते मला हातानं दाखवत जा."