सव्वाशे वेळा सातारा

परवा एका मित्राच्या जुन्या गाडीत बसलो आणि उन्हानं तापलेल्या चामड्याचा वास आला. त्या वासासरशी मी पुन्हा अकरा वर्षांचा झालो.

लखनौच्या महानगर भागात, एका बंगल्याच्या आवारात ती काळी, लांबलचक परदेशी गाडी उभी होती. मी आणि ताई मागच्या गुबगुबीत सीटवर उड्या मारत होतो. "बाबा, ले लो ना!" ताई ओरडत होती. बाबा मात्र मीटरपुढे वाकून आकडा वाचत होते.

मालक म्हणाले, "एक लाख अस्सी हज़ार चली है, साहब. छुपाऊँगा नहीं."

"फारच चाललीय गं," बाबा आईला म्हणाले.

आईनं मनाशी हिशेब केला. "म्हणजे इथून साताऱ्याला सव्वाशे वेळा जाईल एवढी." मग सीटवरून हात फिरवत हळूच म्हणाली, "इथं आल्यापासून नऊ वर्षांत मी माहेरी दोनदा गेले."

बाबांनी मालकांपुढे हात केला. "चाबी दीजिए."

आम्ही असे किंचाळलो, की शेजारचे गच्चीवर आले. पुढं कितीतरी वर्षं मी सगळ्यांना सांगायचो, गाडी माझ्या हट्टानं आली.