गौराक्काची पाटी

गौराक्का मगदूम रागावत नसे. ती रागातच राहायला होती. जेवायला, झोपायला आणि देवापुढं दिवा लावायला तेवढी बाहेर येई. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तिची सायलेन्सर बनवायची शेड आमच्या सीटकव्हरच्या दुकानासमोरच होती. दारात लोखंडी खुर्ची टाकून, पदर कमरेला खोचून, डोळे मिटून ती बसलेली असे. कोपऱ्यावर मोटारसायकल वळली की डोळे न उघडता ओरडे, "कोण रं त्यो? पुंगळी फाटलीया तुझी! गाडी क्षयाच्या रोग्यावानी खोकतीया आन् तू शीळ घालत चाललायस व्हय?" गाडीवाला दचकून थांबे. थांबला की झालं तिचं गिऱ्हाईक.

पुंगळी म्हणजे सायलेन्सरच्या आतली नळी. तिला भोकं कुठं पाडायची, किती पाडायची, हे गौराक्का कानानं ठरवी. वेल्डिंग मल्लाप्पा करी. मल्लाप्पा म्हणजे तिचा नवरा. त्याचं तोंड कायम वेल्डिंगच्या काळ्या काचेआड असे, आणि काच काढली तरी फारसा फरक पडत नसे. उत्तम सायलेन्सर कसा असतो ते मल्लाप्पाकडं बघून कळतं, असं मी एकदा चहाच्या गाड्यावर म्हणालो. ते तिच्या कानावर गेलं. तिचं माहेर निपाणीकडचं, त्यामुळं धाकट्या भावाला म्हणावं तसं ती मला तम्मा म्हणे. "तम्मा," ती रस्त्यापलीकडून गरजली, "माझ्या नवऱ्याला मी बोलणार. तू बोललास तर तुझ्या दुकानातल्या समद्या सीटा उसवून ठेवीन!"

आता कोल्हापूरच्या गवळ्यांविषयी दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचं कुणाला खरं वाटणार नाही. दिवाळीत आमच्याकडं म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात घुंगरांचे पट्टे बांधायचे, मोटारसायकलची पुंगळी काढून फेकायची आणि फाडफाड आवाज करत गवळ्यानं सुटायचं. म्हैस मागून धावते. ती मालकाच्या तोंडाकडं बघत नाही, त्याच्या गाडीचा आवाज ओळखते. एका वर्षी पोलिसांनी पुंगळी काढलेल्या गाड्या धरायला सुरुवात केली. गवळी पडलेल्या चेहऱ्यानं गौराक्काकडं आले. तिनं आधी पोलिसांना शिव्या घातल्या, मग गवळ्यांना, मग म्हशींना, आणि महिन्याभरात असा सायलेन्सर काढला की पोलीस मान वळवेना आणि म्हैस मात्र कान टवकारे. गवळ्यांनी रांग लावली.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. गावात मोटारसायकली आणि त्यांच्या सुट्या भागांचं मोठं प्रदर्शन भरलं. पुण्याकडच्या एका कारखान्याचे इंजिनिअर माल पारखायला येणार होते. गौराक्कानं स्टॉल घेतला. माझा स्टॉल तिच्या शेजारी, हे माझं भाग्य की भोग ते अजून ठरलेलं नाही. पहिल्या दिवशी सकाळी तिनं मान वर करून पाटी वाचली, आणि मी हातातली कव्हरं खाली ठेवून बसून घेतलं. पाटीवर लिहिलं होतं: 'मल्लाप्पा मगदूम अँड सन्स'.

"सन्स?" ती म्हणाली. आवाज हळू होता, म्हणून जास्तच भीती वाटली. "मला दोन लेकी. हे सन्स कुटनं आलं? माझ्या पोटचं मलाच ठावं न्हाय?"

प्रदर्शनाचे चिटणीस धावत आले. सफारी सूट, खिशाला फूल. नाव विचारायला ते शेडवर गेलते तेव्हा गौराक्का थोरलीच्या बाळंतपणाला मुरगूडला होती. मालक कोण, असं त्यांनी मल्लाप्पाला विचारलं. मल्लाप्पा गप्प राहिला. चिटणिसांनी गप्प बसणाऱ्यालाच मालक समजून टाकलं आणि सन्स पदरचे घातले, बरं दिसतं म्हणून.

"पाटी काढा. माझं नाव घाला," गौराक्का म्हणाली.

"अहो बाई, हे यंत्रांचं प्रदर्शन आहे. बाईचं नाव बघून लोक पापडाचा स्टॉल समजतील."

मी डोळे मिटले. पुढची पाच मिनिटं त्या मांडवात जे झालं ते लिहायचं तर संपादक मला पुन्हा दारात उभं करणार नाही. चिटणिसांचे आजोबा, त्यांचा सफारी शिवणारा शिंपी आणि पापड या विषयांवर ती सविस्तर बोलली. आणि खरं सांगतो, मलाही संताप आला होता. जिच्या कानावर अख्ख्या गावाच्या गाड्या चालत होत्या, तिचं नाव चार दिवस एका फळीवर मावत नव्हतं! शेवटी गर्दी जमली तसे चिटणीस हिणवून म्हणाले, "एवढा गाजावाजा आहे ना तुमच्या सायलेन्सरचा? मग शेवटच्या दिवशी इंजिनिअर साहेबांसमोर म्हैस पळवून दाखवा. पळाली तर बदलू पाटी."

"पळंल की! तुमीबी पळशीला!"

शेवटच्या दिवशी मांडवाबाहेर दोर बांधून वाट केली. ज्योतीराम गवळ्याची चंद्री म्हैस एका टोकाला उभी राहिली, शिंगांना गुलाबी रंग. गाडी ज्योतीरामचीच, पण लबाडी नको म्हणून ती त्यानं चालवायची नाही असं ठरलं. इंजिनिअर साहेब हौशी माणूस, चष्मा सावरत म्हणाले, "मी चालवतो." गौराक्का त्यांना म्हणाली, "पावणं, सावकाश जावा. मागं बघू नगा."

गाडी सुरू झाली. चंद्रीनं कान उभारले आणि जी निघाली, ती थेट गाडीमागं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. गौराक्कानं चिटणिसांकडं अशी नजर टाकली की त्यांचं फूल कोमेजलं असावं.

पण एका गवळ्याची म्हैस मिरवणार म्हटल्यावर बाकीचे गवळी घरी कसे बसतील? ते आपापल्या म्हशी सजवून बघायला आले होते. त्या सगळ्यांच्या गाड्यांना गौराक्काचाच सायलेन्सर. एकाच मापाच्या नळ्या, एकसारखी भोकं, एकच आवाज! कडेची एक म्हैस दाव्यासकट उठली. मग दुसरी. मग दोर तुटला आणि सगळा कळप घुंगरं वाजवत इंजिनिअर साहेबांमागं लागला. साहेबांनी मागं बघितलं. बघायला नको होतं. घाबरून त्यांनी गाडी सरळ मांडवात घातली.

मांडवात काय झालं म्हणून सांगू! हेल्मेटांची उतरंड गडगडली. आरशांच्या स्टॉलपुढं एक म्हैस स्वतःला बघत थबकली, तेवढाच तो स्टॉल वाचला. माझी सगळी कव्हरं एकीच्या शिंगात अडकली आणि ती नवी साडी नेसल्यासारखी बाहेर पडली. चिटणीस टेबलावर चढले होते. गाडी बंद पडली तेव्हा कुठं म्हशी थांबल्या आणि शांतपणे रवंथ करू लागल्या.

मग माणसं सुरू झाली. "माझ्या म्हशीला फितवली!" म्हणून गवळी एकमेकांच्या गळ्यांना धरू लागले. टेबलावरून चिटणीस ओरडले, "बघा! हा तुमचा सायलेन्सर! पाटी तीच राहणार!"

गौराक्का मधोमध उभी राहिली. एवढा राग मी तिच्या तोंडावर कधी बघितला नव्हता, आणि या वेळी तो स्वतःवरच होता. "सोडा रं गळे!" ती म्हणाली. "म्हशी बराबर हायत्या. चूक माझी हाय. समद्यास्नी एकच आवाज वाटत सुटलो मी. एका आईची पोरंबी एका आवाजात रडत न्हाईत. उद्यापास्नं एकेकानं गाडी घेऊन या, प्रत्येकाला येगळा करून देतो."

तेवढ्यात इंजिनिअर साहेब कपडे झटकत आले. चष्म्याची एक काच गेली होती, पण डोळे चमकत होते. "कृपा करून वेगळा करू नका! इतका तंतोतंत सारखा आवाज आम्हाला कुठं मिळत नाही. आमच्या सगळ्या गाड्यांना हाच लावू."

"आन् म्हशींनी काय करायचं?"

"म्हशींचा प्रश्न आमच्यापुढं नाही, बाई."

"माझ्यापुढं हाय की! दारात बसून ह्या गवळ्यांस्नी तोंड तुमी देणार हायसा?"

साहेब हसले आणि समजूतदार माणूस शोधावा तसे मल्लाप्पाकडं वळले. "मालक, तुम्हीच काय ते सांगा. एवढी मोठी ऑर्डर आहे."

मल्लाप्पानं पाटीकडं बघितलं. मग बायकोकडं. सगळा मांडव त्याच्याकडं वळला, कारण त्याचं तोंड उघडलं होतं.

"मालक त्या हायत, साहेब," तो म्हणाला. "मी नुसता वेल्डिंगचा डाग लावतो."

कुणीतरी टाळी वाजवणार होतं. पण गौराक्का फिरली ती नवऱ्यावरच. "आत्ता वाचा फुटली व्हय तुमास्नी? नाव इचाराय आलते तवा तोंडात काय शेण धरलंतं? चार दिस त्या सन्सच्या खाली बसवलं मला!"

मल्लाप्पा मान खाली घालून हसत होता.

ऑर्डर हातची गेली. चिटणिसांनी मात्र रंगारी बोलावला. गवळ्यांनी टेबलाला वेढा घातल्यामुळं त्यांना उतरायला दुसरा मार्ग नव्हता. 'गौराक्का मगदूम, सायलेन्सर' ही पाटी चढली तेव्हा प्रदर्शन संपलं होतं आणि मांडववाले बांबू सोडायला आले होते. तिनं त्यांना हात लावू दिला नाही. पाटीखाली खुर्ची टाकून बसली आणि म्हणाली, "ज्याला जायचं हाय त्यानं मोठ्यांदा वाचून जायचं." सगळ्यांनी वाचलं. मी वाचलं. चिटणिसांना दोनदा वाचावं लागलं. पहिल्यांदा आवाज लहान आला म्हणून.

त्यानंतर पुष्कळ वर्षं गवळी एकेक करून येत राहिले. म्हैस शेडपुढं उभी, गाडी सुरू, गौराक्का डोळे मिटून शिव्या देत नळीची भोकं वाढवते आहे, असा तो कारखाना चालला. ती गेली तेव्हा मी मल्लाप्पाला भेटायला गेलो. शेडला कुलूप होतं, तो घरात एकटाच बसला होता. मी नेहमीचं बोललो, शांत व्हा, धीर धरा.

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला एकदम तिची आठवण झाली.

"शांतच हाय की समदं," तो म्हणाला. "त्येचाच लई राग येतोय."